पाव फेरा

गिटार मी फोडली. हे तीन शब्द आज सहज लिहितो आहे, पण ते तोंडातून बाहेर पडायला मला चार महिने लागले. त्या चार महिन्यांत मी एक अख्खी नवी गिटार बनवली. लोकांना ते कौतुकाचं वाटतं. खरं सांगायचं तर ते शब्द बोलायला लागू नयेत म्हणूनच मी ती बनवायला घेतली होती.

फेब्रुवारी महिना होता. मुलीची बारावी तोंडावर आली होती आणि सराव परीक्षेत फिजिक्सचे मार्क घसरले होते. मी चिकलठाण्याच्या एका कारखान्यात टूलरूममध्ये आहे. तिथं पत्रे कापायचे, वाकवायचे साचे बनतात आणि सत्तावीस वर्षं मी तेच करतो आहे. त्या दिवशी एक साचा बिघडला होता, साहेबांनी चार लोकांत बोल लावला होता. घरी आलो तर ही पोरगी पलंगावर मांडी घालून गिटार वाजवत बसलेली. ‘ठेव ती’ म्हणालो. ‘एवढं संपवते, पप्पा’ म्हणाली. दुसऱ्यांदा म्हणालो. तिसऱ्यांदा बोललोच नाही. तिच्या हातातून गिटार ओढली, मानेला धरली आणि दाराच्या चौकटीवर आपटली. मान तुटून तारांवर लोंबकळत राहिली. दहावीच्या निकालाला माझ्या वडिलांनी नातीला घेऊन दिलेली गिटार होती ती, शेंड्याला त्यांच्याच हातानं नजरेचा काळा दोरा बांधलेला. त्यानंतर वर्षभरात ते गेले होते.

ती रडली नाही. तिनं तुकडे गोळा केले, चादरीत गुंडाळले आणि पुस्तक उघडून बसली. तेव्हापासून विचारलं तेवढ्याचंच उत्तर. ‘जेवलीस का?’ ‘हो.’ ‘पेपर कसा गेला?’ ‘बरा.’ रागावली असती, भांडली असती तर मला सोपं गेलं असतं, कारण भांडण मला येतं. बायको म्हणाली, “अहो, चुकलं म्हणा तिला. दोन शब्द लागतात.” मी म्हणालो, बघू. ती म्हणाली, “तुमच्या घराण्यात माणसं मोडतील, वाकायची नाईत.” पैठणकडच्या आमच्या गावात असली वाक्यं मोठ्या अभिमानानं बोलली जातात. ती मात्र तसं बोलत नव्हती.

एप्रिलमध्ये मी कीट मागवलं, इलेक्ट्रिक गिटारचं. खोक्यात सगळे सुटे भाग: लाकडाची कोरी बॉडी, लांब नेक म्हणजे गिटारची मान, तारा पिळायच्या खुंट्या, आवाज पकडणारे पिकअप, वायरी, स्क्रूच्या पुड्या आणि एक वाकडी अ‍ॅलन की, म्हणजे नट फिरवायची सहाकोनी किल्ली. सोबत कागद होता, त्यावर नुसती चित्रं. जूनच्या तिसऱ्या आठवड्यात तिला पुण्याच्या कॉलेजला डिझाइन शिकायला जायचं होतं, हे परीक्षेआधीच ठरलेलं होतं. त्याच्या आत गिटार तयार व्हायला हवी होती. ती गिटार घेऊन गेली तर आमचं काहीतरी उरलं, नाही नेली तर संपलं, असा हिशेब मी मनाशी करून ठेवला होता. तो कुणाला सांगितला नाही.

“इलेक्ट्रिक का?” बायकोनं विचारलं.

“हेडफोन लावून वाजवता येते. कुणाला त्रास नाही.”

“म्हणजे तुम्हाला ऐकू येऊ नये म्हणून.”

तिचं म्हणणं खरं होतं आणि ते मला तोपर्यंत कळलं नव्हतं.

मुलीला खोकं दाखवलं. तिनं एकदा आत पाहिलं. “रंग कोणता देऊ?” “कोणताही.” एवढं बोलून आत गेली.

सुट्टीच्या दिवशी मी गच्चीवर बसायचो. बॉडी पॉलिशपेपरनं घासली. आधी जाड, मग बारीक, मग इतका बारीक की हाताला कापडासारखा लागावा. निळा रंग दिला, गडद. वरून लॅकर मारायचा होता, म्हणजे चकाकी. मे महिना, गच्चीवर तवा तापलेला. सकाळी सातला नाकावर रुमाल बांधून पहिला हात मारला, आणि बघतो तर समोरच्या मोकळ्या प्लॉटवरून वावटळ उठलेली. धूळ, पाचोळा, प्लास्टिकच्या पिशव्या, सगळं आमच्याच दिशेनं. ओला लॅकर आणि धूळ! मी बॉडी उचलली आणि जिना उतरून थेट हॉलमध्ये आणली. कूलर चालू होता. म्हटलं, बरं झालं, वाऱ्यानं लवकर सुकेल. कूलरच्या पुढ्यातच स्टुलावर ठेवली.

तासाभरानं निळ्या बॉडीवर साय धरली होती. पांढरट, धुरकट, मोतीबिंदू झालेल्या डोळ्यासारखी. पुसून जाईना. मी हाक मारली, “कुणी हात लावला याला?” माझा आवाज चढलेला ऐकून आतल्या खोलीचं दार बंद झालं. हळूच बंद झालं, आपटलं नाही. त्या दाराच्या आवाजानं मी गप्प झालो.

टॉवेलमध्ये बॉडी गुंडाळून शहागंजला गेलो. तिथं एका बोळात एक म्हातारे कारागीर हार्मोनियम, बेंजो, गिटार असं सगळं दुरुस्त करतात. त्यांनी टॉवेल उघडला, बोट फिरवलं आणि हसले.

“कूलर की हवा में रखे क्या भाई?”

“हो. सुकावं म्हणून.”

“सूखने को रखे और पानी पिला दिये. गीली हवा लगी, लाकर दूध हो गया. अब कुछ नक्को करो. कूलर बंद, दो-तीन दिन सूखी हवा. फिर ऊपर से हलका हाथ मारो, साफ हो जाता.”

मी बॉडी गुंडाळायला लागलो. त्यांनी विचारलं, कुणासाठी बनवता? मुलीसाठी, म्हणालो. ते म्हणाले, “अच्छा है. बच्चियाँ आजकल बहुत बजातीं. अभी होली के आगे-पीछे एक आई थी. चादर में लपेट के लाई गिटार, गर्दन अलग, बदन अलग. ऊपर काला धागा बंधा हुआ. बोली, चाचा, जुड़ता क्या? मैं बोला, नईं बेटा. पूछा, कैसे टूटी? बोली, जीने में हाथ से छूट गई.” त्यांनी मान हलवली. “गिरने से ऐसी नईं टूटती. पर मैं आगे नईं पूछा.”

त्या क्षणी मला बोलायची संधी होती. समोर अनोळखी माणूस, बोळात तिसरं कुणी नाही. त्याला सांगायला काय जात होतं? मी टॉवेलला गाठ मारली, आभार मानले आणि गाडीला किक मारली. चंपा चौकाच्या पुढं येईपर्यंत माझे कान तापलेले होते. परीक्षेच्या दिवसांत ती एकटी तुकडे घेऊन एवढ्या लांब गेली होती. आणि विचारणाऱ्याला तिनं माझं नाव सांगितलं नव्हतं. तिनं माझी लाज झाकली होती. मी मात्र तीच लाज निळ्या रंगानं झाकत बसलो होतो.

तीन दिवस घरात कूलर बंद. बायको पदरानं वारा घेत म्हणाली, “गिटारीला वारा लागू नये म्हणून माणसं उकडून काढायलात व्हय? लई भारी.” मुलगी ओला टॉवेल मानेवर टाकून वाचत बसली. एकदा पाणी प्यायला आली तेव्हा स्टुलावरच्या बॉडीकडं तिनं वाकून बघितलं, इतकं जवळून की तिचा श्वास लॅकरवर उमटला असेल. मी स्वयंपाकघराच्या दारात होतो. मला बघून ती सरळ झाली.

साय गेली. पुढचे हात पहाटे, कूलरशिवाय, दारं-खिडक्या लावून मारले. चकाकी अशी आली की ट्यूबलाइट तीत अख्खी दिसायची. मेअखेर निकाल लागला. फिजिक्सला तिला उत्तम मार्क पडले होते. ते तिच्या अभ्यासाचे होते, माझ्या फोडाफोडीचे नव्हते. पेढे वाटले, माझा मात्र डब्यातच राहिला.

जूनचा पहिला आठवडा सरला. जायला बारा दिवस उरले होते. वायरी सोल्डरनं डागल्या, पिकअप बसवले, नेक चार स्क्रूंनी बॉडीला आवळली, तारा चढवल्या. आता राहिलं ते माझ्या हातखंड्याचं काम, मापाचं. कारखान्यात आम्ही केसाच्या जाडीपेक्षा कमी फरकावर भांडतो. टूलरूमची सरळ पट्टी घरी होती. ती नेकवर उभी ठेवून उजेडाकडं धरली तर मधोमध पट्टीखालून उजेड दिसला. नेक वाकलेली! तारांच्या ताणानं मधे खोलगट झाली होती.

वाकडं दिसलं की माझं डोकं चालत नाही, हात चालतो. नेकच्या पोटात एक लोखंडी सळई असते, तिचा नट टोकाशी असतो. त्यात अ‍ॅलन की घालून आवळलं की नेक सरळ होते. मी आवळली. पुन्हा पट्टी लावली, पुन्हा आवळली. पट्टीखालचा उजेड पार बंद झाला तेव्हाच थांबलो. आरशासारखी सरळ. आमच्या साहेबांनी पाहिली असती तर पाठ थोपटली असती.

तार छेडली. झर्र.

प्रत्येक तार झरझरत होती. भांड्यात खडा पडावा तसा आवाज. मी म्हटलं, तारांखालच्या आडव्या पट्ट्या, ज्यांना फ्रेट म्हणतात, त्यातली एखादी वर आली असेल. तारा उतरवल्या, बारीक कानस घेतली, फ्रेट घासल्या. तारा चढवल्या. झर्र. पुन्हा उतरवल्या, पुन्हा घासल्या. करायला गेलो गणपती आणि झालं माकड, तशी गत. फ्रेट काही परत उगवत नाहीत, हे मला कळत होतं. कळूनही मी घासत होतो. चार दिवस कामावरून आलो की हेच. जायला आठ दिवस उरले, मग सात.

त्या संध्याकाळी तिसऱ्यांदा तारा चढवल्या. सगळ्यात बारीक तार पिळता पिळता तुटली आणि फटकन मनगटावर बसली. रक्ताची बारीक रेघ उमटली. उरलेली तार छेडली. झर्र. माझ्या कानशिलात काहीतरी ठोके द्यायला लागलं. घाम डोळ्यांत गेला. हाताकडं माझं लक्षच नव्हतं. तो कधी नेकवर गेला, कधी मूठ आवळली आणि गिटार मांडीवरून कधी उचलली गेली, मला सांगता यायचं नाही.

समोर दारात ती उभी होती.

ती गिटारकडं बघत नव्हती. माझ्या मुठीकडं बघत होती. तोंडावर राग नव्हता, भीतीही म्हणता येणार नाही. हे होणार हे आपल्याला ठाऊक होतंच, असं काहीतरी होतं. एक पाऊल मागं, उजवा हात चौकटीवर. फेब्रुवारीतली तीच चौकट, तिचा उडालेला टवका मी अजून भरला नव्हता. सत्तावीस वर्षं माझ्या हातांचा मला गर्व होता. त्या हातांकडं माझी पोरगी अशी बघत होती. मला इतकी लाज कधी वाटली नव्हती.

मी गिटार खाली ठेवली. टॉवेलवर, सावकाश. दोन्ही हात मांडीखाली घेतले. आत कुकरची शिट्टी झाली आणि बायकोनं गॅस बारीक केल्याचा आवाज आला.

मग ती आली आणि माझ्यापासून दोन हात लांब फरशीवर बसली.

“पूर्ण सरळ केलीय का?” चार महिन्यांत तिनं आपणहून विचारलेला हा पहिला प्रश्न होता.

“मग? वाकडी ठेवू?”

“थोडी वाकडीच लागते, पप्पा. तार वाजते तेव्हा हलते ना. तिला जागा लागते. एवढी सरळ केली तर ती पट्ट्यांवर घासणारच.”

“कुणी सांगितलं तुला?”

“सगळ्यांना माहीतंय.”

सगळ्यांना माहीत होतं! घरात विचारायला माणूस होतं, मी विचारलं नव्हतं. मी कानशीचा भुगा बोटानं गोळा करत बसलो. ती म्हणाली, “ढिली करा. पाव फेरा. जास्त नाय. हवा बदलली की परत फिरवावी लागते.”

अ‍ॅलन की मी तिच्यापुढं धरली. तिनं घेतली नाही. मग मीच नटात घातली आणि पाव फेरा उलटा फिरवला. आतून लाकूड कुरकुरलं. ती म्हणाली, अजून थोडं. मी अजून थोडं फिरवलं. तिनं हात लांब करून जाड तार नुसती बोटाच्या टोकानं छेडली. स्वच्छ, गोल आवाज निघाला आणि बराच वेळ फरशीवर टिकून राहिला. पुढं दुसरी, तिसरी. वरच्या दोन फ्रेटवर अजून थोडी झरझर होती. तिथं मी जास्त घासलं होतं, ते कायमचं होतं.

“बरी वाजते,” ती म्हणाली आणि उठून गेली.

मला वाटलं, झालं. मिटलं. दुसऱ्या दिवशी नवी तार आणि गिटारची बॅग आणली, जुन्या चादरीची घडी घालून बॅगेत अस्तर केलं. अ‍ॅलन की शर्टाच्या खिशात, पेनाशेजारी ठेवली, निघताना तिच्या हातात द्यावी म्हणून. जायच्या आदल्या दिवशी तिचं सामान हॉलमध्ये लागलं: सूटकेस, गादीची वळकटी, बादली, चिवड्याचा डबा. गिटारची बॅग सोफ्यालाच टेकलेली. मी म्हणालो, “ही वर ठेवू का, वळकटीवर?”

“राहू द्या इथंच.”

“का गं? नीट वाजत नाही?”

“वाजते की,” म्हणाली आणि कपड्यांच्या घड्या घालत राहिली.

बायकोनं माझ्याकडं पाहिलं. तिची ती नजर मला पाठ आहे. मी गच्चीवर गेलो आणि पाण्याच्या टाकीला टेकून उगाच उभा राहिलो. सगळं मापात होतं. रंग, तारा, वायरी, नेकचा बाकसुद्धा. काय राहिलंय ते मला माहीत होतं, आणि तेच मला जमत नव्हतं. सुंभ जळला तरी पीळ जात नाही.

सकाळी मुलीचा मामा गाडी घेऊन आला. शेंद्र्याला राहतो, मोकळ्या मनाचा माणूस, आवाज या शेतातून त्या शेतात हाक मारायचा. पुण्यापर्यंत तोच सोडणार होता. सामान उचलता उचलता त्याची नजर सोफ्याकडं गेली.

“आं? ही नाय घ्यायची का? दाजींनी हातानं बनवली म्हणं ना. घे की! आन् नीट धर बरं, पहिलीसारखी जिन्यात पाडू नको.”

मुलगी पाठमोरी होती. चप्पल घालत होती. “नाय मामा, जागा नाय गाडीत. आन् पहिली सुटली हातातून, काय करणार.”

बायको तिच्या हातावर दही घालायला वाटी घेऊन आली होती, ती तिथंच थांबली.

“सुटली नाही,” मी म्हणालो. आवाज माझा मलाच ओळखू आला नाही. “मी फोडली. तिच्या हातातून ओढून घेतली आणि या चौकटीवर आपटली. तिची काही चूक नव्हती. माझं चुकलं.”

मामानं हातातली बादली खाली ठेवली, परत उचलली आणि घसा खाकरत बाहेर गाडीकडं गेला. बायको दह्याच्या वाटीकडं बघत होती. मुलगी चपलेचा पट्टा लावत वाकली होती, ती तशीच राहिली. पट्टा कधीच लागला होता. तिचे खांदे तेवढे हलताना दिसत होते. मला पुढं जाऊन तिच्या डोक्यावर हात ठेवावासा वाटत होता. पण हे हात तिला किती जवळ चालतील, ते मला ठाऊक नव्हतं. मी उभाच राहिलो.

थोड्या वेळानं ती उठली. डोळे बाहीनं पुसले. आईकडून तळहातावर दही घेतलं, खाल्लं. नमस्कार करायला वाकली, आधी आईला, मग मला. मग सोफ्याजवळ गेली आणि गिटारची बॅग खांद्याला लावली. पट्टा तिला लांब पडत होता, तो तिनं दोन बोटं आखूड केला.

दारात चौकटीपाशी येऊन ती थांबली आणि माझ्यापुढं हात पसरला.

“पप्पा,” ती म्हणाली, “किल्ली द्या ती. पुण्यात हवा ओली असते.”